छतातून गळणारं क्रियापद

तीर्थरूप वन्संना,

वाकून नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढंच वाकून). तुमची तब्येत कशी आहे? गुडघे, साखर आणि मान वळवताना होणारा तो कटकट आवाज, सगळ्यांची वेगवेगळी चौकशी केली आहे असं समजावं. तुमच्या यजमानांनाही नमस्कार. त्यांच्या हातातला पाना अजून सुटलेला नाही, घरातलं काही धड चालू दिसलं की ते उघडून बसतात, असं ऐकते. मी ठणठणीत आहे. मला कशाचीही गरज नाही, हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, आणि चार वर्षांपूर्वी ओल्या टॉवेलवरून आपल्यात जे झालं ते मी केव्हाच विसरले आहे. (टॉवेल खुर्चीवर मी टाकलेला नव्हता.) "माझं चुकलं" हे दोन शब्द मला कोणी शिकवलेच नाहीत, असं तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालात, आणि तुमच्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही असं मी म्हणाले, तेही मी विसरले आहे.

तर कळवण्याचं कारण म्हणजे मी स्पॅनिश शिकते आहे. हसू नका. डॉक्टर म्हणाले, डोक्याला नवीन व्यायाम द्या. (डोकं रिकामं असल्यासारखं बोलले. मी त्यांना त्यांच्याच कंपाउंडरच्या तीन चुका दाखवून आले.) वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी वर्ग भरतो. मास्तरीणबाई माझ्या कपाटापेक्षा वयाने लहान आहेत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, पाठ काही करायचं नाही, भाषेशी खेळायचं. आणि त्यांनी एक रबरी चेंडू काढला. ज्याच्याकडे चेंडू जाईल त्याने बोलायचं. वन्सं, मी एकतीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांच्या कागदांवर सही केलेली बाई. माझ्या अंगावर चेंडू!

आमच्या कॉन्व्हेंटात असले लाड नव्हते. सिस्टर उभं करायच्या, हात पाठीमागे, नजर त्यांच्या डोक्याच्या वर, आणि म्हणा. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे मला आजही कुठलीच गोष्ट मधूनच आठवत नाही. सात सत्ते एकोणपन्नासला पोचायचं तर मला सात एकेपासूनच निघावं लागतं. म्हणून चेंडू मी शेजारच्या निवृत्त बसचालकांच्या मांडीवर ठेवून दिला आणि पुस्तकाच्या मागच्या पानावरचं एक क्रियापद स्वतःच निवडलं. 'म्हणणे'. तेच का निवडलं हे तुम्हाला सांगायला नको, मला म्हणायला कोणी शिकवलं नाही हे तुमचेच शब्द.

पण काय सांगू, इतकं बेशिस्त क्रियापद मी आयुष्यात पाहिलं नाही. मूळचं नाव देसीर. वर्तमानकाळात 'मी म्हणते' म्हणायला गेलं की दीगो. हा ग कुठून आला? कोणी बोलावला? लगेच पुढे दीसेस, दीसे, ग गायब. भूतकाळात जावं तर दिहे, दिहिस्ते, दिहो, आता ह येऊन बसला. 'म्हणत असे'साठी आणखी वेगळा काळ, देसीआ. भविष्यकाळात अर्धा शब्दच पसार, दिरे, दिरास, दिरा. एकाच आईची लेकरं वाटू नयेत. (आपल्याकडे 'जाते'चं 'गेले' होतं हे मला माहीत आहे. ते आपलं आहे, त्याला कारण असेल.) मी मात्र सोडलं नाही. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाथरूममध्ये बादली भरायला लावायची, हात पाठीमागे, नजर नळाच्या वर, आणि चारही काळ खड्या आवाजात. बाथरूममध्ये आवाज घुमतो, म्हणून मी अंघोळ झाल्यावरही आणखी एक बादली भरायला लावून पुन्हा म्हणायची. चौथ्या आठवड्यात माझी इतकी तयारी झाली की इमारतीच्या समितीत कुणीतरी सहज विचारल्यावर मी म्हणाले, हो, मला स्पॅनिश येतं. एवढंच म्हणाले. (दोनदा म्हणाले असेन.)

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहायला आल्या आहेत, माझ्याच वयाच्या. मुलगी जहाजावर डॉक्टर आहे, महिना महिना नसते, म्हणून आईला इथे आणून ठेवलं. बाईंना स्पॅनिशशिवाय काही येत नाही. लिफ्टमध्ये आम्ही एकमेकींकडे बघून मान हलवायचो, आणि त्या माझ्याकडे बघून जरा जास्तच गोड हसायच्या. मला वाटायचं, बाई सुसंस्कृत दिसतात.

गेल्या रविवारी समितीने मला बोलावलं. खालच्या बाईंची काहीतरी तक्रार आहे, मुलगी नाही, तुम्हीच दुभाषी. मी इस्त्रीचे कपडे घातले, चष्मा पुसला, आणि गेले. अध्यक्ष म्हणजे आमचे दाताचे डॉक्टर (समोरचा तोंड उघडून बसलेलाच असणार असं धरून बोलतात), शेजारी प्लंबर, आणि कोपऱ्यात तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, म्हणजे आमचे पांढरे बूट. पांढऱ्या बुटांबद्दल थोडं सांगते. सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडून पाणी झिरपत होतं तेव्हा मी समितीची चिटणीस होते. ज्याच्याकडून गळती, त्याने आठ दिवसांच्या आत बाथरूम फोडायचं आणि काम संपेपर्यंत एकवीस दिवस घर सोडायचं, सबबी चालणार नाहीत, हा नियम माझ्या हस्ताक्षरात आहे. ते तेव्हा बहिणीकडे जाऊन राहिले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, पण माझ्या प्रत्येक बैठकीला हजर असतात.

खालच्या बाई बोलायला लागल्या. आगीनगाडीसारख्या. मला कळलं ते 'पाणी', 'बाथरूम' आणि वर रोखलेलं बोट.

"काय म्हणतात?" अध्यक्ष म्हणाले.

मी मनात दीगोपासून सुरुवात केली, दीसेपर्यंत पोचले आणि म्हणाले, "त्या म्हणतात."

"अहो, पण काय म्हणतात?"

वन्सं, त्या क्षणी मला उमगलं की मला फक्त 'म्हणणे' येतं, काय म्हणणे ते येत नाही. पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणाले, "त्या आज म्हणतात, काल म्हणाल्या, पूर्वीही म्हणत असत, आणि उपाय झाला नाही तर पुढेही म्हणतील."

"वा!" पांढरे बूट म्हणाले. सहा वर्षांतला पहिला शब्द.

मग बाईंनी पिशवीतून कागद काढले आणि माझ्या हातात दिले. एकोणीस कागद. प्रत्येकावर छतावरच्या डागाची पेन्सिलने काढलेली बाह्यरेषा, तारीख, वेळ सहा-दहा, आणि खाली काही शब्द. पहिल्या दिवशी डाग बशीएवढा, दहाव्या दिवशी ताटाएवढा, एकोणिसाव्या दिवशी पंख्यापर्यंत. एकतीस वर्षांत असा दावा माझ्या टेबलावर आला नव्हता. लोक यायचे ते "पाणी आलं हो" म्हणत रडत यायचे, आणि मी म्हणायचे, कुठून आलं ते सिद्ध करा. इथे सिद्ध केलेलं होतं. कारण खालचे शब्द मी वाचले. दीगो, दीसेस, दीसे. दिहे, दिहिस्ते, दिहो. प्रत्येक कागदावर माझंच पाठांतर, कुठला काळ म्हणेपर्यंत डाग कुठवर वाढला त्यासकट. आणि 'ते म्हणाले' हे मी रोज दिहिएरोन असं ठणकावून म्हणत होते, ते बरोबर दिहेरोन आहे, म्हणून त्या शब्दाखाली एकोणीस वेळा दोन-दोन रेघा.

"काय लिहिलंय?" अध्यक्षांनी विचारलं.

त्या खोलीत ते काय आहे हे कळणारी, बाई सोडल्या तर, मी एकटी होते. मी काहीही सांगू शकले असते. प्रार्थना आहे म्हटलं असतं. बाईंच्या खोलीवरून तिसऱ्या मजल्याचाही पाइप जातो, पांढऱ्या बुटांवर ढकलता आलं असतं, आणि त्यांना ते जाणवलं असावं, कारण त्यांनी बूट खुर्चीखाली ओढून घेतले. मी कागद सारखे केले. पण वन्सं, सगळी कागदपत्रं जोडलेला दावा मी उभ्या आयुष्यात फेटाळलेला नाही.

"पाणी माझ्या बाथरूममधलं आहे," मी म्हणाले. "माझं चुकलं." मग बाईंकडे वळून मी पहिल्यापासून म्हणत म्हणत, दिहेरोनपर्यंत एकही चूक न करता गेले. त्यांनी माझा हात धरला. पांढऱ्या बुटांनी नियमाची प्रत खिशातून काढून अध्यक्षांना दिली. (सहा वर्षं खिशात!)

शेवटच्या कागदावर तळाशी एक लांब ओळ होती, ती मी शुक्रवारी मास्तरीणबाईंकडून वाचून घेतली. लिहिलं होतं, पाणी बंद करावं, पाठांतर बंद करू नये. मास्तरीणबाईंनी मग चेंडू पिशवीत ठेवला आणि मला सगळ्या वर्गाला पाठ म्हणून दाखवायला सांगितलं. बसचालक सोडून सगळे उभे राहिले. (त्यांची कंबर.)

बाकी सर्व क्षेम. प्रकृतीला जपा, मान जपून वळवा.

तुमची भावजय

ता. क. बाथरूम सोमवारी फोडणार. एकवीस दिवस. पांढरे बूट रोज मोजायला येणार आहेत. तुमची मागची खोली मी तशी विचारलेली नाही, पण ती रिकामी असते असं मला आठवतं. माझा टॉवेल मी घेऊन येईन आणि दोरीवरच वाळत घालीन.

आणखी एक. खालच्या बाईंचंही छत खरवडायचं आहे, मुलगी महिनाभर येत नाही. त्या माझ्याबरोबर येतील. फार बोलतात, पण तुम्हाला त्रास होणार नाही. त्या काय म्हणतात ते मी सांगेन.

शेवटचं. प्लंबरने काल फरशी उचलून पाहिली. गळती नळामागच्या एका जोडणीतून आहे. तो म्हणाला, हे काम आमच्यातल्या कुणाचं नाही, कुणीतरी घरच्याने हौसेने पाना फिरवलेला दिसतो. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही दोघं चार दिवस राहायला आला होतात, तेव्हा माझा नळ व्यवस्थित चालू होता, आणि तुमच्या यजमानांनी तो दुरुस्त केला होता. मी समितीत हे सांगितलेलं नाही, आणि तुमच्या घरी जेवताना सांगण्याचाही माझा मुळीच विचार नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी येतो. उत्तर आलं नाही तर तुमचा होकार धरते. आमच्या ऑफिसात उत्तर आलं नाही की दावा नामंजूर धरत, पण तो नियमही माझाच होता, आणि मी आता चुकलं म्हणायला शिकले आहे.