साधाची खीर

शांतिपूर,
२८ जानेवारी १९६२

चि. सौ. बुलू,
पिशीचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांचा खोकला कमी आहे. थंडी चांगली पडली, म्हणून खजुराचा गूळ यंदा सुरेख उतरलाय.

चार ओळींत मला चांगलंच झापलंस. ‘आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि माझ्या सातव्या महिन्यातल्या साधाच्या, डोहाळ्यांच्या जेवणाला तूच आली नाहीस. गुडघे दुखतात म्हणे! बाबा तर म्हणतात, रोज घाटावर जातेस.’ माझ्या या दादाच्या पोटात काही म्हणून राहत नाही.

गुडघे दुखत नाहीत, बुलू. मी आले होते.

दादा परगावी होता, त्यालाही ठाऊक नाही; मांडीवर खिरीचं पातेलं धरून सकाळच्या गाडीनं तुझ्या सासरी आले. वर बायकांची शुभकार्यातली उलू-उलू चालली होती, मोहरीतल्या माशाचा वास जिन्यापर्यंत येत होता. तुझ्या थोरल्या जाऊबाई दारात भेटल्या. वाईट बोलल्या नाहीत. माझ्या पांढऱ्या साडीकडे बघून हळूच म्हणाल्या, “पिशीमा, आज शुभ दिवस. ताट वाढून होईपर्यंत खालच्या खोलीत बसाल? सासूबाईंना जरा... तुम्ही समजून घ्याल.”

घेतलं समजून. सोळाव्या वर्षी विधवा होऊन दादाकडे आले, तेव्हापासून तेच करतेय. तुमच्यासाठी मासे तळायचे आणि आपला बिनमाशाचा भात वेगळ्या चुलीवर शिजवायचा. त्याचं मला काही वाटत नाही, असं सगळ्यांना सांगत आले. त्या दिवशी मात्र वाटलं. पातेलं त्यांच्या हातात दिलं, “कोणी केली ते सांगू नका” म्हटलं आणि परतीची गाडी धरली.

तू लिहितेस, ‘जाऊबाईंनी खीर अगदी तुझ्यासारखी केली होती, दोनदा मागून घेतली.’ ती ओळ मी किती वेळा वाचली, विचारू नकोस.

त्यांच्यावर रागावू नकोस. मला कोणी हाकललं नाही, मीच घाबरले. माझी सावली पडून तुझं काही बरंवाईट झालं तर? ही भीती त्यांच्याइतकीच माझ्याही मनात होती. लिहिताना लाज वाटते. गोवराच्या तापात अकरा दिवस तू माझ्याच कुशीत होतीस, तेव्हा कुठे लागली सावली?

नवव्या महिन्यातलं साध माहेरचं. काल दादाला म्हटलं, “बुलूला घेऊन ये.”

“आणि स्वयंपाक? शेजारच्या काकीमांना बोलावू?”

“कशाला? पोर माझी. रांधणार मी, ताट वाढणार मी, पहिला घासही मीच भरवणार.”

दादानं खुंटीवरची बाजारची पिशवी काढली. ती झटकत म्हणाला, “साधाच्या ताटात ठेवायला माशाचं डोकं केवढं आणू तेवढं सांग.” म्हटलं, “अरे, अजून महिना आहे!”

फाल्गुनात ये. जाऊबाईंनाही आण, माझ्या शेजारी बसून वाढतील. मासा चाखून बघायची मला सोय नाही. खारट झाला तर तोंडावर सांग.

घर फार शांत आहे गं. लवकर ये.

या वेळी दारातून मागे न फिरणारी,
तुझी
पिशी