फोनवर टाळलेलं उत्तर

प्रिय टिटवे,

रविवारी तू फोन केलास तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले. तू विचारलंस, "मावशी, तू रोज दवाखान्यात छातीचे फोटो काढतेस, मग स्तन मोठे करायच्या ऑपरेशनाआधी काय काय माहीत हवं ते सांग ना." आणि मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? डॉक्टरांना विचार." वर दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मनात आलं, हा प्रश्न विचारायला पोरीने किती दिवस धीर गोळा केला असेल. मला त्यातलं चांगलंच कळतं गं. एकोणीस वर्षांपूर्वी मी स्वतः ते करून घेतलंय.

झालं, लिहून टाकलं. हे फक्त तुझ्या काकांना माहीत होतं, आणि ते जाऊन आता चार वर्षं झाली. तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही. ती शाळेत असल्यापासून मला फळी म्हणायची. मोठ्या बहिणीला अहो-जाहो सोड, साधं ताईसुद्धा नाही, थेट फळी! घरात सगळे हसायचे, मीही हसायचे. माणूस हसतो म्हणजे त्याला लागत नाही, असं आपण किती सहज धरून चालतो. मी कायम सैल शर्ट घालायचे, खांदे पुढे पाडून चालायचे. तू म्हणालीस ना, तलावात पोरांना पोहायला शिकवताना काही वाटत नाही, बाहेर आल्यावर मात्र आधी टॉवेल शोधते, ते मला नको तितकं कळलं.

तेहतिसाव्या वर्षी मी काकांना सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. घडी घालून म्हणाले, "मला तर काही कमी वाटत नाही. पण अंग तुझं आहे, तू ठरव." पहिल्यांदा आम्ही गेलो तो डॉक्टर फार गुळगुळीत होता. दहा मिनिटांत त्याने भिंतीवरच्या बायकांचे फोटो दाखवले, मला कुठला आकार शोभेल ते स्वतःच ठरवलं आणि पुढच्याच आठवड्याची तारीख देऊ केली. काकांनी विचारलं, "पुढेमागे काही त्रास?" तर म्हणाला, "काही नाही हो, आयुष्यभर बघायला नको." बाहेर आल्यावर काका एवढंच म्हणाले, "हा माणूस तर फ्रिज विकतोय." टिटवे, असा कुणी भेटला तर चहासुद्धा न घेता उठ.

दुसऱ्या डॉक्टरबाई अगदी रुक्ष. प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, हे आम्ही आधी खात्री करून घेतलं होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुणासाठी करताय?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्यांनी तेच तीनदा फिरवून विचारलं. मग घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का, सिगारेट ओढता का, वजन सारखं वरखाली होतं का. मूल व्हायचंय का, झालं तर अंगावर पाजायचंय का, कारण पुढे दूध कमी येऊ शकतं. आम्हाला मूल होणार नाही हे तोवर कळून चुकलं होतं. मी नाही म्हणून मान हलवली आणि त्यांनी कागदाचं पान उलटलं. पण तू या प्रश्नावर घाई करू नकोस.

त्यांनी मला सिलिकॉनचे नमुने दिले, ब्राच्या आत घालून दिवसभर घरात वावरायला सांगितलं. जिने चढ, वाक, पालथी झोपून बघ. मला मनात हवा होता तो आकार संध्याकाळपर्यंत नकोसा झाला, मी त्याहून दोन मापं लहान घेतला. आणि एक गोष्ट त्यांनी अगदी सपाट आवाजात सांगितली. "हे कायमचं नसतं. दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी, केव्हातरी बदलावं किंवा काढावं लागेल. आज तुम्ही एका ऑपरेशनाला नाही, निदान दोन ऑपरेशनांना हो म्हणताय." मग महिनाभर विचार करा म्हणून घरी पाठवून दिलं. मी विचार कसला करतेय! तारखा मोजत बसले.

शुद्धीवर आले तेव्हा छातीवर कुणी मांडी घालून बसलंय असं वाटत होतं. माझी इम्प्लांट्स छातीच्या स्नायूखाली ठेवलीत, त्यात दुखणं जास्त. दोन आठवडे हात वर जात नव्हता. काका माझे केस विंचरायचे, इतके वाईट की मी शेवटी रुमाल बांधला. तू तेव्हा सहा वर्षांची. घरी आलीस आणि धावत येऊन मला मिठी मारलीस, मी अशी किंचाळले की तू कपाटामागे जाऊन लपलीस. सगळ्यांना सांगितलं, स्नायू आखडलाय. त्यासाठी तुझी माफी आज मागते. डावीकडे वरच्या भागात स्पर्श कळेनासा झाला, तो आजतागायत परतलेला नाही. तुझी तर रोजीरोटीच हातांवर आहे, तेव्हा स्नायूखाली की वर, आणि पोहण्यात ताकद किती उणावेल, हे आधी खोदून खोदून विचार.

पण पश्चात्ताप झाला का विचारशील तर नाही. मी पिवळा शर्ट घेतला, अंगाला बसणारा. रस्त्याने ताठ चालले. तुझी आई म्हणाली, "फळी, तुला बरं वजन चढलंय!" मला ते कौतुक वाटलं, वेडीला. मात्र हेही सांगते की वर्षभरात मला त्याची सवय झाली आणि मी आरशात नाकाकडे बघायला लागले. जे मन मी बरोबर घेऊन गेले होते तेच घेऊन परत आले होते.

आता माझी चूक. मॅमोग्राफीसाठी माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक बाईला मी मशीनपुढे उभं करण्याआधी विचारते, "छातीचं काही ऑपरेशन झालंय का? आत काही बसवलंय का?" कारण तसं असेल तर फोटो वेगळ्या पद्धतीने, जास्तीचे काढावे लागतात, नाहीतर मागचं दिसत नाही. बायका लाजतात, मी त्यांना समजावते. आणि स्वतःची तपासणी मात्र मी अकरा वर्षं टाळली. माझ्याच विभागातल्या मुली फोटो काढणार, त्यांना कळणार, डबा खाताना कुजबुज होणार! दोन वर्षांपासून डावी बाजू कडक होत होती, मी कुशी बदलून झोपत होते. शेवटी गेल्या महिन्यात दुसऱ्या गावी गेले. तिथल्या मुलीने माझाच प्रश्न मला विचारला आणि मी म्हटलं, "नाही." तिने मशीनजवळ नेलं, खांद्यावर हात ठेवला, आणि स्तनाखालचा जुना व्रण तिला दिसला. मग हळूच म्हणाली, "ताई, पुन्हा एकदा विचारते हं." मी तिथे उघड्या अंगाने उभी राहून ढसाढसा रडले.

सोनोग्राफी झाली, मग एमआरआय. डावीकडचं फुटलंय. फुटताना दुखलं नाही, खुपलं नाही, आतल्या आत. म्हणून तर ज्यांच्यात सिलिकॉन असतं त्यांनी काही होत नसतानाही बघून घ्यायचं असतं. कर्करोग नाही, जिवाला धोका नाही, घाबरू नकोस. पण काढायला हवं. नवीन बसवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. त्वचा सैल पडेल, पूर्वीसारखं दिसणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय. बावन्नाव्या वर्षी माझं त्यावाचून अडत नाही. तुझं पंचविसाव्या वर्षी अडत असेल, तर तुला नावं ठेवणारी मी कोण?

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी सकाळी आहे, आणि या पत्राचं खरं कारण तेच. डॉक्टरांनी विचारलं, "भूल दिल्यावर एकटीने घरी जाता येणार नाही, पहिले दोन दिवस सोबत कुणीतरी लागेल. कोण आहे?" आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघालं, तुला न विचारता. येशील? माझी जखम बघ, डॉक्टरांना हवं ते विचार, मग तुझं तू ठरव, मी एका शब्दाने अडवणार नाही. नाहीच जमलं तर मी तुझ्या आईला बोलावीन, आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगेन. तेही आता करायचंच आहे. फक्त त्या वेळी तू शेजारी असलीस तर मला बरं वाटेल.

तुझ्या फोनची वाट बघणारी, आणि या वेळी तो मधेच न ठेवणारी,
तुझीच
मावशी