मान खाली होती म्हणून

होसूर, ४ फेब्रुवारी

तीर्थरूप आबा, नमस्कार.

१. सोमवारी डॉक्टरांनी लेखी निदान दिलं: मला ऑटिझम आहे.
२. हा आजार नाही, जन्मापासूनची घडण आहे.
३. नोकरी पक्की आहे. कारखान्यात मी तपासलेलं मापाचं गेज चूक निघून परत येत नाही.

दौंडच्या पाहुण्यांनी मला पसंत केलं, कारण मी मान वर केली नाही. त्यांच्या आत्याबाई म्हणाल्या, "पोर लई मर्यादेची हाय." ती मर्यादा नव्हती, आबा. डोळ्यांत पाहिलं की मला समोरच्याचं बोलणं कळेनासं होतं.

सुपारी फुटण्याआधी त्यांना हे सांगा. त्यांचे सत्यजीत मला आवडलेत, म्हणूनच लपवायचं नाही. नाही म्हणाले तरी मी नीट राहीन.

आईचा गुडघा कसा आहे?

सुपारी रविवारी आहे. शुक्रवारपर्यंत त्यांचं उत्तर कळवा.

तुमची मोनाली