दोर झेलणारा माणूस

प्रिय दादा,

फोनच करणार होते. पण फोनवर तू तुझ्या त्या शांत आवाजात काहीतरी सांगून मला गुंडाळशील आणि मी नेहमीसारखी गुंडाळली जाईन, म्हणून लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आलंय, तसंच वाच. 

झालं असं, की आमच्या फिल्म-संग्रहालयात एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. जुन्या सिनेमांत दिसणारी पाण्यावर उतरणारी विमानं, सी-प्लेन आणि उडत्या नौका, ओळखून तू आम्हाला त्यांची नावं देतोस ना, त्यातलं एक साफ चुकलंय म्हणे. मी हसलेच. पाण्यावरून उठताना उडालेल्या नुसत्या फवाऱ्यावरून विमानाची जात सांगणारा माझा दादा, तो चुकणार? त्यांचं म्हणणं, बंदरातल्या त्या प्रेमकथेत दिसते ती नौका थोरली नव्हेच, धाकटी आहे. अर्थात ही नावं आपली, ते बिचारे कारखान्याचे नंबर सांगत होते. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. फरक एवढाच, की थोरलीच्या पंखांखालचे फ्लोट, पाण्यावर तोल धरणारे ते पोकळ डबे, कायम लोंबते आणि धाकटीचे उडताना वर दुमडलेले. हे तूच मला शिकवलंस. शेपटीवरच्या नंबरावर जाऊ नकोस, सिनेमावाले वाटेल तो रंगवतात, फ्लोट बघ, असं तू म्हणायचास.

मास्तरांची जिरवावी म्हणून मी रीळ टेबलावर चढवलं आणि एकेक चौकट पुढे सरकवत बसले. नौका खाली येते. पंखांच्या टोकांना चिकटलेले फ्लोट हळूहळू उलगडून खाली येतात. शेंबडं पोरही सांगेल, धाकटी! मला तोंडात मारल्यासारखं झालं. तुझी चूक, आणि इतकी ढोबळ? मी तिथेच थांबायला हवं होतं. पण नौका धक्क्याला लागली, नाकाजवळचं झाकण उघडलं आणि दोर झेलायला एक मेकॅनिक कमरेपर्यंत वर आला. दादा, मला आधी वाटलं तो तूच आहेस. चाळिशीतला तू. तोच पुढे आलेला कान, तीच दोर मनगटाला एक वेढा देऊन धरायची लकब. मग त्याने मान वळवली आणि मधोमध तुटलेली डावी भुवई दिसली, आईच्या कपाटातल्या फोटोत आहे तशी. बाबा. धक्क्यावरच्या कुणाकडे तरी बघून मस्त हसत होते. मी मशीन बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी पाणी घेऊन आली, तेव्हा कळलं की मी मोठ्याने काहीतरी बोलत होते.

मी तीन वर्षांची असताना वादळात एक थोरली बुडाली आणि तिच्यावरचे मेकॅनिक आपले बाबा तिच्याबरोबर गेले, एवढ्यावर आपलं सगळं लहानपण उभं आहे. ती नौका कुठल्या सिनेमात एकदा तरी दिसावी म्हणून तर आपण पडद्याला डोळे लावून बसायचो. आणि धाकटी पहिल्यांदा पाण्यात उतरली ती त्या वादळानंतर दोन वर्षांनी. हे मला ठाऊक आहे, तुला तर झोपेतही ठाऊक असेल. तू चुकला नव्हतास, दादा, मुद्दाम चुकीचं नाव दिलंस. थोरली म्हटलं की ते दृश्य आपोआप जुनं ठरतं, बाबा असतानाचं. मग बाबांना कुणी ओळखलंच, तरी काही बिघडत नाही. मग आठवलं, हाच सिनेमा लागला होता तेव्हा तुझ्या पोटात एकाएकी कळ आली होती आणि मला अर्ध्यातून ओढत तू घरी आणलं होतंस. घरी आल्यावर दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास. मी किती चिडवलं होतं तुला!

रागाच्या भरात काल मी आईला गाडीत घालून संग्रहालयात नेलं. चुकलं असेल माझं, या वयात तिला असं न्यायला नको होतं. तिने चष्मा पुसला, टेबलावर वाकून पाहिलं. मला वाटलं, आता कोसळेल. ती म्हणाली, बारीक झालेत. बस्स, एवढंच! मग घरी येताना गाडीत सगळं सांगितलं, भाजी काय आणायची ते सांगावं तशा सुरात. वादळ खरं होतं, बुडालेली नौकाही खरी होती. फक्त बाबा तिच्यावर नव्हते. ते दुसऱ्या बंदरात दुसरं घर करून राहिले होते. टाकलेली बाई म्हणून जगण्यापेक्षा विधवा म्हणून जगणं तिला सोपं वाटलं, म्हणून ती आपल्याला घेऊन गाव सोडून आली. तू सिनेमातून येऊन तिला विचारलंस तेव्हा तिने तुला माझी शपथ घातली. माझी, दादा! आणि तेव्हापासून तुमची दोघांची अळीमिळी गुपचिळी, मधे मी दरवर्षी बाबांच्या दिवशी मूर्खासारखी रडतेय.

शिव्या द्यायला हे पत्र लिहिलेलं नाही. त्या पुष्कळ साठल्यात, समोर आलास की देईन. गाडीतून उतरताना आई आणखी एक बोलली. म्हणाली, शपथ सोडली म्हणून कळव त्याला. आणि म्हणाली, तो भेटून येतो त्यांना, मला समजत नाही असं त्याला वाटतं. मी विचारलं, बाबा अजून आहेत? ती म्हणाली, मी कधी विचारलं नाही, तू त्यालाच विचार. म्हणून विचारतेय. असतील तर फक्त पत्ता लिहून पाठव, बाकी काही लिहू नकोस, मी एकटी जाईन. आणि नसतील, तर मात्र लिहू नकोस. फोनही करू नकोस. तू ये.

एवढं होऊनही तुझीच,
बुटकी