भिवाच्या घरचं पाणी

ठाणे, ३१ जानेवारी १९५४

भिवाच्या आईला बैलगाडीतून स्मशानात नेलं. गावातून खांदा द्यायला एकही माणूस बाहेर पडला नाही. पंधरा दिवस झाले, मला आज कळतंय!

सांगायला सगुणाबाई आली. ती त्या खाडीकाठच्या गावची धवलारीण – तिकडे लग्न तीच लावते, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन. चहाला हात लावला नाही. म्हणाली, "मास्तर, तुमच्या भाषनाचा गुन आला."

नोव्हेंबरात मिठागरांवर संप होता. मी गावात सभा घेतली. भिवा मालकाला फितूर आहे, संप मोडून तो मिठागरावर जातो, असं मी नाव घेऊन सांगितलं. आणि शेवटी – "अशा माणसाच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नका!" टाळ्या थांबेनात. ते वाक्य मला आवडलं होतं. परत येताना वाटेत दोनदा म्हणून पाहिलं होतं.

गावानं ते शब्दशः पाळलं. भिवाचं घर वाळीत पडलं.

सगुणाबाईकडून आज कळलं, भिवा गेला होता तो बांधातल्या पाण्याच्या दाराच्या फळ्या घालायला. दिवाळीच्या अमावास्येचं उधाण होतं, संपामुळे राखणीला कुणी नव्हतं. खारं पाणी कापलेल्या भातात शिरलं असतं – सगळ्या गावाच्या भातात! मला नाव सांगितलं त्याच गावच्या पंढरीनं. मी त्याला एक प्रश्न विचारला नाही. वर्गात मुलांकडे पुरावा मागणारा मी.

७ फेब्रुवारी

गावच्या चावडीपुढे माफी मागितली. चांगला बोललो. इतिहासातले दाखले दिले, शेवटी आवाजही भरून आला. टाळ्या पडल्या. भिवाला शोधलं तर त्यानं दार लावून घेतलं होतं.

सगुणाबाई म्हणाली, "एका मानसाची माफी मागायला गाव कशाला जमवलात?"

घरी बायकोला, सुमतीला, सांगितलं. ती ताट वाढत होती. म्हणाली, "म्हणजे आजही सभा तुमचीच झाली."

८ फेब्रुवारी

टाळ्या मला ऐकू आल्या होत्या. खोटं कशाला लिहू – बरं वाटलं होतं.

१४ फेब्रुवारी

सगुणाबाईकडे गेलो. म्हटलं, मला शिकवा. आधी हसली – एवढी कपाटभर पुस्तकं वाचलेला माणूस! मग सांगितलं. लग्न म्हटलं की एखादं घर रुसलेलं असतंच, आणि अक्षता घेऊन ती आधी तिथंच जाते. उंबऱ्याबाहेर बसायचं. आपण बोलायचं नाही. समोरच्याचा राग सगळा ऐकायचा, मध्ये 'पण' म्हणायचं नाही. त्या घरातून पाणी आलं की समजायचं, झालं. पाणी मागायचं मात्र नाही.

भिवाच्या मुलीचं, शकूचं, लग्न वैशाखात ठरलंय. तोवर बहिष्कार उठला नाही तर मांडवात कोणी येणार नाही. सगुणाबाईलाही गाव जाऊ देणार नाही. मग मुलाकडचे लग्न मोडतील.

२१ फेब्रुवारी

भिवाच्या पायरीवर दोन तास बसलो. तो फावड्याला दांडा बसवत होता. मी नसल्यासारखा.

मी उठलो तेव्हा तो बोलला. "आय शेवटी इचारायची, शेजारची कोन येत का नाय रं? मी सांगायचो, येतील, कामात हायत."

माझ्या जिभेवर 'पण' आलं होतं. गिळलं. पाणी नाही.

२८ फेब्रुवारी

गेलो. बसलो. काही नाही.

७ मार्च

आज गावात घरोघर जाऊन बसलो. संपात पोरं अर्धपोटी होती, कुणावर तरी राग काढायचा होता, तो भिवावर निघाला. आता बहुतेकांना लाज वाटते. मग जात का नाही? विठ्ठल म्हातारा म्हणाला, "त्याच्याशी बोलनं पयलं मीच टाकलं. आता पयला मी कसा जाऊ?" चार घरांत हेच ऐकलं. प्रत्येकाला पहिल्याच्या मागून जायचंय.

हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही.

१४ मार्च

कल्याणला सभा. एकाचं नाव घ्यायची जागा आली आणि थांबलो. लोकांना वाटलं, मास्तर विसरले.

२१ मार्च

गावकऱ्यांनी तोड काढली! पंढरीनं भिवाचं नाव खोटंच दिलं हे आता सगळ्यांना कळलंय. विठ्ठल म्हणाला, एक सभा घ्या, पंढरीचं नाव घ्या, भिवा मोकळा.

पाच मिनिटांचं काम. संताप तर मलाही होता – वाक्यसुद्धा तयार होतं, चांगलं होतं. नाही म्हटलं. नाव पंढरीनं दिलं असेल, बोललो मी.

"मग तुमी येता कशाला?" विठ्ठलनं विचारलं.

११ एप्रिल

भिवानं आज विचारलं, पंढरी खोटं का बोलला? मला ठाऊक आहे. बांधाला लागून दोघांचं शेत, हद्दीचं जुनं भांडण. सांगितलं, आणि म्हटलं, "त्यानं माझ्या एकट्याच्या कानात सांगितलं होतं. गावाला मी सांगितलं." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

पाणी नाही.

२५ एप्रिल

माझ्या सभेवाचून व्हायचं ते झालं. गावानं पंढरीचं घर वाळीत टाकलं आणि भिवाकडे मांडवाचे बांबू घेऊन माणसं आली. हसतखेळत! पंढरीची बायको लक्ष्मी विहिरीवर एकटी, सगळ्या बाया पाणी भरून जाईपर्यंत थांबलेली. मी पाहिलं. मीच सुरू केलेलं आहे हे.

सगुणाबाई एवढंच म्हणाली, "एक घर उठलं, एक बसलं."

९ मे

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

आज लग्नाच्या अक्षता निघाल्या. भिवा पुढे, सगुणाबाई मागे. वळणावर लोकांना वाटलं, विठ्ठलकडे जाणार. भिवा पंढरीच्या दारात गेला आणि उंबऱ्याबाहेर बसला. खाली मान घालून. आतून कोणी येईना. गाव जिथल्या तिथं उभं. ऊन चढलं, भिवा हलला नाही.

लक्ष्मी तांब्या घेऊन आली. अर्धं पाणी पायरीवर सांडलं. उरलेलं भिवा प्यायला. पंढरी आतल्या आत रडत होता, बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. भिवानं अक्षता ठेवल्या आणि एवढंच म्हणाला, "शकूच्या लग्नाला ये."

अडीच महिने पायरीवर बसून मी जे शिकत होतो, ते त्याला येत होतं. ज्याची आई गाडीतून गेली, त्याला.

१६ मे

लग्न लागलं. पंढरी वाढायला होता. विठ्ठल, सगळं गाव भिवाच्या घरचं पाणी प्यायलं. मला कुणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

निघालो तर भिवा बांधापर्यंत सोबत आला. तिथं थांबून म्हणाला, "मास्तर, गावाला पानी मी दिलं. तुमाला द्यायचं ते आयनं. ती नाय."

मग तो मांडवाकडे परत गेला.