शून्य टाकणार नाही

ब्रनो, १४ नोव्हेंबर

प्रिय वोय्ता,

तू बरा असशील. मीही बरी आहे. आईचा गुडघा आता दुखत नाही. रविवारी तिने बदक आणि कोबी केला होता, आणि सवयीने तुझंही ताट मांडलं. माझे ईमेल तू उघडत नाहीस, म्हणून टपालाने लिहितेय.

आई म्हणाली, "ब्लांका, सख्ख्या भावाला चारचौघांत खोटं पाडतेस? घे की ती दुरुस्ती मागे!"

मी म्हटलं, "चारचौघांत सुरुवात त्याने केली."

केलीस ना? ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, मेलिंग लिस्टवर, सगळ्या जगासमोर: "बाई, कंपायलर उगाच भुंकतोय. त्या व्हेरिएबलमध्ये शून्य टाका आणि त्याला गप्प करा." बाई! मला!

नाही टाकलं. टाकणारही नाही. लिहिताना डिस्क मध्येच बंद पडली, तर त्या व्हेरिएबलमध्ये कुणी काही भरतच नाही, एवढंच कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा तो बिचारा कंपायलर सांगत होता. आणि कर्नलचा जो विभाग तू सांभाळतोस, त्यात शून्याचा अर्थ 'काम झालं' असा होतो, हे मी तुला सांगायचं?

तुझं शून्य घालून पाहिलं मी. चाचणीच्या मशीनवर फाईल लिहिली जात असताना डिस्कची केबल उपटली. मशीन म्हणतंय, "जतन झाली." फाईल रिकामी! हे लिस्टवर मांडलं, तरी तुझं उत्तर एका शब्दाचं: "नकार." मग गेले तुझ्या वरच्यांकडे. चुगली म्हण हवं तर. काल त्यांनी माझी दुरुस्ती घेतली; आता डिस्क बंद पडली की शून्य नाही, चूक कळवली जाते.

दुरुस्तीखाली ती चूक मुळात कुणाच्या, कधीच्या बदलातून आली, ते लिहावं लागतं. एकाने खासगीत सुचवलं, "भावाचं नाव गाळा की." का गाळू? दुसऱ्या कुणाचं गाळलं असतं का?

तुझ्या त्या बदलाची तारीख मात्र शोधली आणि पुन्हा एकदा तपासली. बाबांना पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे ती. आई आणि मी स्वयंपाकघरात रडत होतो आणि तू दार लावून टाइप करत होतास. तेव्हा तुला कुणी हाक मारली नाही. मीसुद्धा नाही.

त्या तारखेचा अर्थ लिस्टवर कुणाला ठाऊक नाही, माझ्याकडून कळणारही नाही. पण म्हणून ती ओळ बरोबर ठरत नाही, वोय्ता.

कोडच्या त्याच फाईलीत कंपायलरचे असे आणखी इशारे आहेत. सोमवारी पुढची दुरुस्ती पाठवतेय, आधी तुलाच. नाकारलीस तर पुन्हा पाठवेन.

तुझीच, आणि तरीही माघार न घेणारी,
ब्लांका