रेशमाच्या खोलीतली ओली शाल

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. मनगटाचं प्लॅस्टर निघालं का? डाव्या हाताने लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. ‘मी ठणठणीत आहे, काम सोडून येऊ नकोस’ एवढं मात्र अगदी सुवाच्य आहे (बाकीचं अजून लावते आहे). मीही मजेत आहे. आठवण वगैरे काढायला इथे वेळ कुणाला?

माझं काम तू शेजारणीला ‘ती रेशमाची हाडं करते’ असं सांगतेस म्हणे. हाडं नाही गं, हाडांची परांची! घर बांधताना गवंडी बांबूंची बांधतात ना, तशी. रेशीम विरघळवायचं, ताकदीसाठी त्यात थोडं पॉलिमर मिसळायचं आणि विजेच्या जोरावर सुईतून केसाहून कितीतरी बारीक धागा ओढायचा. त्याची जाळी होते. तिच्यावर हाडाच्या पेशी बसवल्या की त्या हळूहळू हाड घडवतात आणि जाळी विरून जाते. पेशींना खाणंपिणं वेळेवर लागतं (मी तुझ्याच सुरात ‘खाऊन घ्या गं’ म्हणते; कुणी ऐकत नाही, म्हणजे अगदी घरच्यासारखं वाटतं).

तर गेल्या आठवड्यात धागाच नीट पडेना. जाळीवर नुसते गोळे. आमच्या बाईंनी (म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही) सुई बदलली, रेशमाला नावं ठेवली, मला तर ठेवलीच. शेवटी यंत्रामागे डोकावल्या, तर तिथे तू विणलेली शाल ठिबकत होती. चहा सांडला म्हणून मी ती धुतली होती, आणि अख्ख्या इमारतीत कोरडी खोली तेवढीच! दमट हवेत धागा वाळत नाही, हे नव्यांना मीच शिकवते. बाई शांतपणे म्हणाल्या, “ही मिश्रणात किती टक्के धरायची?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हाडं सांधायचं शिकायला इतक्या लांब आले, आणि तुझं हाड मोडलं तेव्हा तुझी वेणी घालायला शेजारीण आली. ते मनातून जात नाही. असो, औषधं घे.

तुझी धांदरट भाची

ता. क. : चहा सांडला ही थाप. तुझं पत्र आलं त्या दिवशी शालीत तोंड खुपसून रडले आणि तिलाच नाक पुसलं, म्हणून धुवावी लागली. आता तिला तुझा वास येत नाही, साबणाचा येतो. तुझ्या अंगावरची दुसरी पाठव. धुऊ नकोस.

ता. क. २ : शाल राहू दे. डाव्या हाताने का होईना, ‘ये’ एवढंच लिही. एकच अक्षर आहे, हात दुखणार नाही.